साखवाळ ते कोलंबो : धर्मानंद कोसंबी यांचा पहिला परदेशप्रवास



ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त होणाऱ्या व्याख्यानाला एका प्रवासाचा विषय निवडला आहे, याचे कित्येकांना नवल वाटेल. अशा प्रसंगी ग्रंथसंग्रहाचा इतिहास सांगावा, संस्थापकांचे स्मरण करावे, वाचनाभिरुचीविषयी दोन शब्द बोलावेत, अशी रूढी आहे आणि ती वाईट नाही. परंतु ज्या प्रवासाची हकिकत आज सांगावयाची आहे, तो एका मराठी मासिकाच्या जुन्या अंकातून निघाला आणि मराठी पुस्तकांच्या कपाटात येऊन थांबला. मधल्या काळात तो गोवे, पुणे, इंदूर, ग्वाल्हेर, काशी अशा ठिकाणांहून गेला आणि पुढे बडोद्यालाही पोहोचला. बृहन्महाराष्ट्रातील मराठी वाचकाला ही नावे परकी नाहीत. हा प्रवास करणारा गृहस्थ म्हणजे धर्मानंद दामोदर कोसंबी.

पाली भाषेचे आणि बौद्ध वाङ्मयाचे थोर पंडित म्हणून धर्मानंदांची कीर्ती सर्वश्रुत आहे. ते चार वेळा अमेरिकेला गेले, रशियात लेनिनग्राडला जाऊन आले, हेही अनेकांना ठाऊक असते. मात्र ही सारी मागाहूनची, पंडित म्हणून मानाने बोलावलेल्या माणसाची प्रयाणे होत. त्यांचा पहिला परदेशप्रवास निराळा होता. त्या वेळी त्यांना कोणी बोलावलेले नव्हते. खिशात पैसा नव्हता, इंग्रजी भाषेचा आधार नव्हता, पदवी नव्हती, प्रकृती धड नव्हती आणि मागे घरी तरुण पत्नी व तान्ही मुलगी होती. मन तर अनेक वर्षे अशा अवस्थेत होते की त्यांच्या ‘निवेदन’ या आत्मचरित्रातील त्या प्रकरणांतून जाताना वाचकालाही गुदमरल्यासारखे होते.

९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी त्यांचा जन्म झाला. घराणे गौड सारस्वत, मध्यम स्थितीचे, उपजीविका नारळाच्या भाटावर. पोर्तुगीज अमलाखालील जुन्या काबिजादीतल्या त्या गावात हिंदू मुलाला मराठी शिकावयाचे तर शेणैमामाच्या शाळेत जे काय मिळेल ते शिकावे आणि पुढे स्वतःच्या हिकमतीवर वाचावे, अशी परिस्थिती होती. पोर्तुगीज शिक्षण त्यांच्या वाट्याला आले नाही. इंग्रजी शिक्षण म्हणजे परराज्यात जाऊन घेण्याची गोष्ट. चौदा-पंधरा वर्षांचे असताना लग्न झाले आणि लवकरच भाटाची व्यवस्था, घरची देणी, वडिलांची ढासळती प्रकृती ही ओझी खांद्यावर आली. संस्कृत शिकावे, विद्वान व्हावे ही तळमळ मात्र जाईना. माडाला पाणी लावावे, पाडेल्याकडून नारळ उतरवून घ्यावेत, हिशेब लिहावेत आणि रात्री दिव्यापाशी मिळेल ते मराठी पुस्तक वाचावे, असे हे आयुष्य. त्याला वरकरणी कोणी दुःखी म्हणणार नाही. अशा आयुष्याचे दुःख ज्याचे त्यालाच ठाऊक असते.

दोनतीन वेळा त्यांनी घर सोडण्याचा प्रयत्न केला आणि दर वेळी ते परत आले. कधी पैसे संपले, कधी धीर संपला. ही फसलेली पलायने त्यांनी ‘निवेदना’त लपवून ठेवलेली नाहीत, आणि त्यांमुळेच पुढच्या यशस्वी प्रयाणाची किंमत कळते. जो माणूस एकदाच निघतो आणि पोहोचतो, त्याच्या धैर्याचे कौतुक करणे सोपे असते. जो तीनदा उंबरठ्यावरून मागे फिरला आणि गावातल्या लोकांच्या नजरा झेलत पुन्हा भाटात काम करू लागला, त्याने चौथ्यांदा निघणे ही गोष्ट वेगळी आहे.

अशातच ‘बालबोध’ मासिकाचा एक अंक त्यांच्या हाती पडला. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ साली मुलांसाठी सुरू केलेले हे मासिक. त्यात चरित्र, कविता, शास्त्रीय विषय, निबंध अशी मांडणी असे, आणि बहुतेक मजकूर ओक एकटेच लिहीत. मुलांसाठी लिहिलेले म्हणून त्याची भाषा सोपी आणि वाक्ये सरळ. त्या अंकात गौतम बुद्धाचे छोटेसे चरित्र होते. वय विशीच्या पुढे गेलेल्या, संसारी, चिंताग्रस्त माणसाने मुलांच्या मासिकातले ते चरित्र वाचले आणि त्याच्या मनाला एकाएकी दिशा लाभली. आजवर विद्वत्तेची ओढ होती, पण ती कशासाठी हे कळत नव्हते. आता बुद्धाचा धर्म मुळातून जाणून घ्यावयाचा, एवढे एकच ध्येय उरले. ओकांना याचा पत्ताही नसेल. मासिक काढणारे वर्गणीदार मोजतात, अंक मुदतीत निघाला की सुस्कारा टाकतात. तो अंक मुरगावच्या खाडीच्या बाजूला कोणा नारळवाल्याच्या घरी जाऊन काय करील, हे त्यांना कुठून कळावे?

१८९८ साली वडील वारले. पुढच्या वर्षी मुलगी झाली, तिचे नाव माणिक. आणि १८९९ च्या अखेरीस धर्मानंदांनी घर सोडले.

येथे थोडे थांबले पाहिजे, कारण या ठिकाणी चरित्रकार बहुधा घाईने पुढे जातात. सिद्धार्थाने राहुल जन्मल्यावर गृहत्याग केला, त्याच्याशी या घटनेचे साम्य दाखवण्याचा मोह होतो आणि साम्य दाखवले की प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. वास्तविक तो मिटत नाही. कपिलवस्तूत राजवाडा होता. साखवाळला कर्जात असलेले भाट होते. बाळाबाईंचे वय त्या वेळी कोवळेच, पदरी काही महिन्यांची मुलगी, आणि नवरा कोठे गेला, परत येईल की नाही, याचा भरवसा नाही. शेजारच्या बाया काय बोलल्या असतील, नातलगांच्या दारी किती काळ काढावा लागला असेल, याची कल्पना गोव्यातील एकत्र कुटुंबे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना करून देण्याची गरज नाही. ‘निवेदन’ हे पतीने लिहिलेले पुस्तक आहे. पत्नीची बाजू त्यात पतीच्या लेखणीतून जेवढी उतरली तेवढीच आहे. धर्मानंदांना याची टोचणी नव्हती असे नाही. परंतु टोचणी घेऊन ते निघाले, हेही खरे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मान्य केल्याखेरीज हा प्रवास नीट समजत नाही.

परदेशप्रवास कोठून सुरू झाला असे म्हणावयाचे, हाही एक मजेचा प्रश्न आहे. गोमंतकातील माणसाला त्या काळी पुणे हेच परराज्य होते. मुरगावहून निघणारी रेल्वे घाट चढून कॅसलरॉकला आली की पोर्तुगीज राज्य संपे, इंग्रजी राज्य सुरू होई आणि सामानाची जकातीसाठी तपासणी होई. बेळगावात मराठी ऐकू आले तरी कायद्याच्या दृष्टीने तो परका मुलूख. पुढे धर्मानंद ज्या सिंहलद्वीपात गेले ते हिंदुस्थान सरकारच्या अखत्यारीत नव्हते, १८०२ पासून ती इंग्लंडच्या राजाची स्वतंत्र वसाहत होती. उलट त्याच्याही पलीकडचा, समुद्र ओलांडून गेलेला ब्रह्मदेश त्या वेळी हिंदुस्थानचाच एक प्रांत होता, तो १९३७ साली वेगळा झाला. नकाशावरील रेघा आणि माणसाच्या मनातील परकेपणा यांचा मेळ क्वचितच बसतो. पारपत्राची मात्र कटकट नव्हती. हिंदुस्थानात पारपत्राचा कायदा १९२० साली आला. त्यापूर्वी अंगावरचे वस्त्र आणि बोटीचे भाडे एवढ्यावर माणूस समुद्रापलीकडे जाऊ शकत असे.

काळ मात्र अत्यंत वाईट होता. १८९६ साली मुंबईत शिरलेला प्लेग पुण्यात थैमान घालून गेला होता आणि पुन्हापुन्हा येत होता. १८९७ च्या साथरोग कायद्यानंतर रेल्वेस्थानकांवर उतारूंना उतरवून तपासत, संशय आला तर अटकाव करून ठेवत. त्यातच १८९९-१९०० चा दुष्काळ आला. गुजरात, राजपुताना, माळवा या भागांत आजही छप्पनचा दुष्काळ म्हणून त्याची आठवण सांगतात. अशा दिवसांत सुखवस्तू माणसेही घराबाहेर पडण्याचे टाळीत. एका अनोळखी, कृश, फाटक्या तरुणाला कोणी दारात उभे करावे?

तरी केले. पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची भेट झाली आणि त्यांच्यामुळे प्रार्थना समाजात राहण्याची सोय लागली. भांडारकरांचा दरारा मोठा, विद्वत्ता जगन्मान्य. गोव्याहून आलेल्या आणि बुद्धधर्म शिकण्याचा ध्यास घेतलेल्या या तरुणाला त्यांनी वाऱ्यावर सोडले नाही, हे त्यांच्या चरित्रातील लहानसे पण लखलखीत पान आहे. तथापि पुण्यात मन रमेना. संस्कृत पक्के करावयाचे तर काशीलाच गेले पाहिजे, असे ठरवून धर्मानंद १९०० साली उत्तरेकडे निघाले. वाटेत इंदूर, उज्जैन, ग्वाल्हेर लागले. हा मार्ग मराठी माणसाला दीडशे वर्षे पायाखालचा. होळकर आणि शिंदे यांच्या राजधान्यांत मराठी बोलणारी घरे होती, मराठी बोलीला ओ देणारे दार कोठेतरी सापडण्याची आशा होती. महाराष्ट्राबाहेर वसलेल्या मराठी वस्त्यांचा हा उपयोग इतिहासाच्या पुस्तकांत फारसा लिहिला जात नाही. त्या वस्त्यांनी किती वाटसरूंना एक वेळचे जेवण आणि पाठ टेकण्यापुरती ओसरी दिली, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

काशीतली दोन वर्षे अन्नछत्रातील जेवणावर गेली. एक वेळ पोटाला मिळावे, गंगेवर स्नान करावे आणि दिवसभर व्याकरण घोकावे. वय चोवीस-पंचवीस, सहाध्यायी मात्र पोरसवदा. प्लेग तेथेही आला. अंगावर पुरेसे कपडे नसताना उत्तर हिंदुस्थानातील हिवाळे त्यांनी काढले. कोकणच्या दमट हवेत वाढलेल्या माणसाला काशीची थंडी म्हणजे काय, हे या सभागृहातील कित्येकांनी अनुभवले असेल. पण कौमुदी हाती आली. हे संस्कृत पुढे त्यांना ज्या कामी आले त्याची त्या वेळी कोणालाच कल्पना नव्हती.

१९०२ च्या आरंभी एका नेपाळी पंडिताच्या सोबतीने ते नेपाळला गेले. बुद्धाची जन्मभूमी त्या बाजूला, तेव्हा बुद्धधर्म तेथे जिवंत सापडेल, असा भाबडा तर्क. नेपाळात परक्यांना सहसा प्रवेश नसे. शिवरात्रीच्या सुमारास पशुपतिनाथाच्या यात्रेकरूंना तेवढी मोकळीक मिळे. तराईचे जंगल आणि डोंगर पायी ओलांडून काठमांडूला पोहोचावे, स्वयंभूचा आणि बौद्धाचा असे दोन्ही स्तूप पाहावेत, आणि ज्यासाठी हे सारे केले ते तेथे नाहीच, असे दिसावे! स्तूप होते, दिवे होते, फिरती चक्रे होती. परंतु ‘बालबोधा’तल्या त्या शांत, विचारी बुद्धाचा मागमूस त्यांना तेथे लागला नाही. घरदार सोडून, दोन वर्षे उपास काढून जेथे पोहोचावे ते स्थळ चुकीचे निघाले, याहून मोठी निराशा प्रवाशाच्या वाट्याला येत नाही. गोव्याला परतण्यासाठी यापेक्षा सबळ कारण मिळाले नसते.

ते परतले नाहीत, बुद्धगयेला गेले. तेथे भेटलेल्या एका भिक्षूने त्यांना सांगितले की बुद्धाची वचने पाली भाषेत आहेत आणि पाली शिकावयाची तर सिंहलद्वीपाला गेले पाहिजे. ज्या देशात बुद्ध जन्मला, हिंडला, बोलला आणि निर्वाण पावला, त्या देशात त्याची भाषा शिकवणारी शाळा नव्हती, तीसाठी समुद्र ओलांडावयाचा. कलकत्त्यास महाबोधी सभा होती. अनागारिक धर्मपालांनी १८९१ साली कोलंबोत स्थापन केलेली ही संस्था पुढच्याच वर्षी कलकत्त्यास आली होती. तेथील मंडळींच्या साहाय्याने धर्मानंदांच्या प्रयाणाची तजवीज झाली.

समुद्रोल्लंघन म्हणजे काय, हे त्या पिढीला सांगावे लागत नव्हते. आनंदीबाई जोशी १८८३ साली एकट्या अमेरिकेला गेल्या, पंडिता रमाबाई त्याच वर्षी इंग्लंडला गेल्या, त्याला वीस वर्षेही झाली नव्हती. विलायतेहून आलेल्याला प्रायश्चित्त, प्रायश्चित्त घेतले तरी पंक्तीला बसवावे की नाही याचे वाद, हे नित्याचे होते. पुण्यात पंचहौद मिशनमध्ये १८९० साली घेतलेल्या चहाच्या पेल्यांवरून केवढे ग्रामण्य माजले होते! जे विलायतेला जात ते निदान बॅरिस्टर किंवा डॉक्टर होऊन परतत आणि त्यांच्या पैशापुढे जातीचा राग हळूहळू निवत असे. सिंहलद्वीपात भिक्षू व्हावयास जाणाऱ्याच्या पदरी परत येताना भिक्षापात्राखेरीज काय असणार?

दक्षिण हिंदुस्थानातून रेल्वेने तुतिकोरीन आणि तेथून बोटीने कोलंबो, हा त्या काळचा रुळलेला मार्ग. चहाच्या मळ्यांवर कामाला जाणारे तमिळ मजूर याच वाटेने जात. रात्री बोट सुटली की सकाळी कोलंबोचे बंदर दिसे. विलायतेच्या तीन-चार आठवड्यांच्या सफरीशी तुलना केली तर हे अंतर क्षुल्लक. पण परदेशाचे अंतर मैलांत मोजावयाचे नसते. त्या किनाऱ्यावर उतरताना धर्मानंदांना सिंहली येत नव्हती, तमिळ येत नव्हती, इंग्रजी येत नव्हती. घरची कोंकणी, वाचनाची मराठी आणि काशीचे संस्कृत एवढी शिदोरी. पहिल्या दोन भाषा त्या बेटावर कोणाला कळणार? तिसरी मात्र कामी आली.

कोलंबोच्या मालिगाकंद भागात विद्योदय परिवेण नावाची पाठशाळा होती. हिक्कडुवे सुमंगल महास्थविर यांनी ती १८७३ साली स्थापिली. सुमंगलाचार्य हे पाली आणि संस्कृत या दोन्ही भाषांचे गाढे पंडित, आणि सिंहली बौद्धांच्या नवजागृतीचे अध्वर्यू. त्यांच्याकडे ब्रह्मदेश, सयाम या देशांतूनही विद्यार्थी येत. हेच विद्योदय पुढे १९५९ साली विद्यापीठ झाले. काशीच्या अन्नछत्रातून निघालेला ब्राह्मण तरुण या वृद्ध आचार्यांसमोर जाऊन उभा राहिला, तेव्हा संस्कृतच उपयोगी पडले. पाणिनीची भाषा बुद्धाच्या भाषेपर्यंत नेणारी होडी झाली असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

पाली शिकण्यातली एक अडचण आजच्या वाचकाच्या ध्यानात येत नाही. पालीला स्वतःची लिपी नाही. सिंहलद्वीपात ती सिंहली लिपीत लिहीत, ब्रह्मदेशात ब्रह्मी लोकांच्या लिपीत, सयामात आणखी निराळ्या. तेव्हा भाषा शिकण्यापूर्वी अक्षरे गिरवावयाची. व्याकरण जाणणाऱ्या, सव्वीस वर्षांच्या माणसाने पुन्हा मूळाक्षरांपासून आरंभ करावा आणि ती गोलगोल, एकमेकांसारखी दिसणारी अक्षरे पाटीवर काढावीत! पुढे ब्रह्मदेशात गेल्यावर हाच उद्योग दुसऱ्यांदा करावा लागला. पुढील आयुष्यात धर्मानंदांनी पाली ग्रंथ देवनागरीत आणण्याचा ध्यास घेतला, त्याचे मूळ या दिवसांत शोधले पाहिजे. १९४० साली त्यांनी ‘विसुद्धिमग्ग’ देवनागरीत प्रसिद्ध केला, तेव्हा काशीपुण्याच्या विद्यार्थ्यापुढची ती लिपीची भिंत पडली. मराठी ग्रंथालयातील एखादा वाचक आज नागरी अक्षरांत पाली वाचतो, त्याला यातली यातायात करावी लागत नाही.

१९०२ सालीच त्यांनी श्रामणेरदीक्षा घेतली. श्रामणेराला दहा शीले पाळावी लागतात. मध्यान्हीनंतर भोजन नाही, गंधमाला नाहीत, उंच शय्या नाही आणि सोन्यारुप्याला म्हणजे पैशाला स्पर्श नाही. प्रवाशाच्या दृष्टीने शेवटचा नियम मोठा चमत्कारिक. पैसा बाळगावयाचा नाही, तर तिकीट कसे काढावयाचे? बौद्ध देशांत उपासक मंडळी ते काढून देतात आणि भिक्षूला गाडीत बसवून देतात. त्यामुळे प्रवास पैशावर न चालता लोकांच्या श्रद्धेवर चालतो. आणि जेथे भिक्षू म्हणजे काय हेच लोकांना ठाऊक नाही, त्या हिंदुस्थानात पिवळी वस्त्रे नेसून हिंडणे म्हणजे काय कठीण काम असेल, ते पुढे त्यांना कळलेच.

बाह्यतः सर्व मनासारखे झाले होते. गुरू लाभला, भाषा लाभली, दीक्षा लाभली. पण शरीर साथ देईना. तेथील अन्न मानवले नाही, प्रकृती खालावत गेली. ज्या जागेसाठी जिवाचे रान केले ती सापडल्यावर तेथे राहण्याचे बळ अंगात नव्हते. वर्षभरातच, १९०३ साली, त्यांना हिंदुस्थानात परतावे लागले. एखादी कादंबरी असती तर लेखकाने नायकाला विद्योदयात दहा वर्षे ठेवून महापंडित करून परत आणले असते. प्रत्यक्षात तसे झाले नाही. ते मद्रासला आले, तेथून ब्रह्मदेशात गेले, भिक्षू झाले, पुन्हा आजारी पडले, पुन्हा परतले, कुशिनारा, राजगृह अशी बुद्धाच्या चारिकेची ठिकाणे पायी हिंडले. ही वर्षे सरळ रेषेत सांगता येत नाहीत. जुन्या पोथीची पाने उलटसुलट लागावीत तशी ती आहेत, आणि ‘निवेदना’तही ती तशीच वाचावीत हे उत्तम.

एवढे मात्र खरे की साखवाळहून निघालेला माणूस आणि कोलंबोहून परतलेला माणूस यांत फरक पडला होता. निघताना तो आपल्या दुःखापासून पळत होता, असे कोणी म्हटले तर ते सर्वस्वी खोटे ठरणार नाही. गावात जगणे असह्य झाले होते, मनाला कोठेच विसावा नव्हता. परंतु पळणारा माणूस पहिल्या आसऱ्याला थांबतो. पुण्यास आश्रय मिळाला होता, तेथे ते थांबले नाहीत. काशीत अन्नछत्र होते, तेथेही थांबले नाहीत. नेपाळात भ्रमनिरास झाला तेव्हा पळण्याचा जोर संपावयास हवा होता, तो उलट वाढला. पलायनाचे शोधात रूपांतर कोठे झाले, याचा नेमका मुक्काम दाखवता येत नाही. दाखवावयाचाच तर काठमांडूहून बुद्धगयेकडे वळलेली वाट दाखवावी लागेल.

१९०६ साली त्यांनी चीवर उतरवले. कलकत्त्यास पाली शिकवण्याचे काम मिळाले आणि त्याच वर्षी सुमारे सात वर्षांनी ते गोव्यात परतले. माणिक सात वर्षांची झाली होती. तिने वडिलांना पाहिले असले तरी ओळखण्याजोगे कधीच पाहिले नव्हते. पुढच्या वर्षी, ३१ जुलै १९०७ रोजी, त्यांना मुलगा झाला. गणितज्ञ आणि इतिहासकार म्हणून जगाने ज्यांना ओळखले ते दामोदर धर्मानंद कोसंबी हेच.

बडोद्याचा धागा येथे येतो आणि या सभेत तो सांगितल्यावाचून राहवत नाही. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी धर्मानंदांना महाराष्ट्रात राहून बौद्ध वाङ्मयाचे काम करावे म्हणून तीन वर्षे दरमहा ५० रुपये देण्याचे ठरवले. कलकत्त्याचा पगार याच्या कित्येक पट होता. धर्मानंदांनी कलकत्ता सोडले. मराठी वाचकांना बुद्ध मराठीतून सांगावयाचा, ही इच्छा त्या पगारापेक्षा मोठी ठरली. बडोद्यात दिलेली त्यांची व्याख्याने ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ या नावाने १९१० साली प्रसिद्ध झाली. त्याच १९१० साली सयाजीरावांनी बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास आणून संस्थानभर ग्रंथालये काढण्यास आरंभ केला. एका राजाने एकाच वेळी पुस्तक लिहिणाऱ्याला वेतन द्यावे आणि ते पुस्तक ठेवण्यासाठी खेडोपाडी कपाटे उभारावीत, असे योग वारंवार येत नाहीत. त्याच वर्षी हार्वर्ड विद्यापीठातून ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनासाठी धर्मानंदांना बोलावणे आले. ते १९१२ साली परतले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले. पु. वि. बापट यांच्यासारखे विद्वान तेथेच त्यांच्या हाताखाली तयार झाले.

स्वतःची हकिकत लिहावी असे मनात आले तेव्हा तिला पहिली जागा मिळाली ती गोव्यातल्याच ‘भारत’ या नियतकालिकात. १९२४ साली ती ‘निवेदन’ या नावाने पुस्तकरूपाने आली. ज्या गावकऱ्यांनी या माणसाला वेडा ठरवले होते, त्यांच्याच वाचनात त्याची कैफियत प्रथम आली, ही गोष्ट समाधानाची. त्यांची नात, विदुषी मीरा कोसंबी यांनी तिचे इंग्रजी भाषांतर केल्यावर ती मराठीबाहेरही वाचली जाऊ लागली. मूळ मराठी मात्र निराळेच. त्यात अलंकार नाहीत, स्वतःविषयी दयेची याचना नाही. जेथे भूक लागली तेथे भूक लागली म्हटले आहे, जेथे भीती वाटली तेथे भीती वाटली म्हटले आहे. ओकांच्या ‘बालबोधा’तली सरळ वाक्ये या माणसाच्या लेखणीत उतरली की काय, असे वाटत राहते.

१९१८ साली हार्वर्डचे बोलावणे पुन्हा आले. महायुद्ध संपत आलेले, समुद्रावरील प्रवास अजूनही धोक्याचा आणि लांबच्या वळणाचा. धर्मानंद बोटीत चढले. या वेळी मात्र ते एकटे नव्हते. अकरा वर्षांचा दामोदर बरोबर होता, आणि एके काळी साखवाळच्या घरात पाळण्यात सोडून ते निघाले होते ती माणिकही.